आयडलिंग, दोन स्क्रू आणि अर्धा व्होल्ट

चालती गाडी उत्तम होती. जळगावहून नेरीमार्गे पहूरला येईपर्यंत कुठे झटका नाही, कुठे दम लागणं नाही. त्रास सुरू व्हायचा तो गाडी थांबवली की. पहूर म्हणजे चौफुलीचं गाव. एक रस्ता जळगावला, एक फर्दापूर-अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगरला, एक जामनेरला आणि एक शेंदुर्णी-पाचोऱ्याला. कापसाच्या हंगामात चारी बाजूंनी ट्रॅक्टर, एसटी आणि मालट्रक एकमेकांसमोर येऊन उभे राहतात. अशा वेळी क्लच दाबून ब्रेकवर पाय ठेवला की आमच्या गाडीचा आवाज आपोआप चढायचा, मग उतरायचा, पुन्हा चढायचा. कधी सगळी गाडी थरथरायची आणि इंजिन बंद पडायचं. मागून हॉर्न सुरू व्हायचे. चावी फिरवली की इंजिन पहिल्याच दणक्यात चालू व्हायचं, त्यामुळे आणखीच गोंधळायला व्हायचं. बिघाड असेल तर तो सगळीकडे का नाही?

गाडी वडिलांची, एमएच 19 पासिंगची, छोटी पेट्रोल गाडी. तिला आरपीएमचा काटा नाही. त्यामुळे इंजिनाचे फेरे किती हे आवाजावरूनच ओळखायचं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गाडी चालवता येते, पाणी-ऑइल बघता येतं, पंक्चर झालं तर चाक बदलता येतं. बॉनेटखालचं बाकीचं जग मात्र मला पूर्ण अनोळखी होतं. बॉनेट उघडून पाहिलं तर काळ्या नळ्या, रंगीत वायरी, प्लास्टिकचे डबे. यातलं कोण काय करतं आणि कोणाचं बिघडलंय हे कुठून ओळखायचं, काहीच कळेना.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. शाळेतले एक सर म्हणाले, प्लग बदला. शेजारचे काका म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी असेल, टाकी रिकामी करा. एका गॅरेजमध्ये सांगितलं, “कार्बोरेटर ट्यून करावा लागेल.” गाडीत कार्बोरेटरच नाही हे मला पुढे कळलं. दुसऱ्या एका ठिकाणी थेट यादीच मिळाली: सेन्सर बदला, पेट्रोल पंप बदला, नाही जमलं तर कॉम्प्युटर बदला. प्रत्येकाच्या बोलण्यात खात्री होती आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. नवशिक्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं ते हेच. कोणाचं ऐकायचं हे ठरवायला हातात काही मोजमापच नसतं.

मी आणखी काही दिवस तशीच गाडी चालवली असती. पण सिल्लोडकडून परत येताना अजिंठ्याच्या घाटात जे घडलं, त्यानंतर ते शक्य नव्हतं. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, वळणापाशी क्लच दाबला आणि इंजिन गप्प झालं. ब्रेकचं पेडल पहिल्यांदा नेहमीसारखं दबलं, नंतर दगडासारखं कडक झालं. गाडीत आई बसली होती. गाडी कडेला घेऊन थांबवता आली, पण हात थंड पडले होते. कारण नंतर समजलं. ब्रेकच्या बूस्टरला मदत मिळते ती इंजिनाच्या ओढीने तयार होणाऱ्या पोकळीतून, म्हणजे व्हॅक्यूममधून. इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम एखाद-दुसऱ्या दाबाला पुरतं. पुढे ब्रेक लागतो, पण सगळा जोर आपल्याच पायाचा. म्हणून आयडलिंगला बंद पडणारी गाडी हा नुसता त्रासाचा विषय नाही. घाटरस्त्यावर तो जिवाचा विषय आहे. खानदेशातून दक्षिणेकडे जाणाऱ्या माणसाला घाट टळत नाही.

पहूर पेठ आणि पहूर कसबे यांच्या मधून वाघूर नदी वाहते. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी जी नदी वळसा घेते तीच ही. इथल्याच एका छोट्या गॅरेजमध्ये मला आबा भेटले. सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी आधीच्या पिढीच्या ॲम्बेसिडर आणि जीपवर काम केलेलं, पण टेबलावर मल्टिमीटर आणि जुना स्कॅनरही होता. मी माझ्याकडची सल्ल्यांची सगळी यादी सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, बदलाले सगळे सांगतीन. आधी मोजू, मंग खोलू.” हे वाक्य मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. आज वाटतं, गाडीच्या दुरुस्तीतलं निम्मं शहाणपण त्यात आहे.

मी त्यांना विचारलं, “आबा, मी उभी राहून पाहू का? मला शिकायचंय.” त्यांनी एक स्टूल पुढे केलं आणि काम करता करता सांगत गेले.

पहिली गोष्ट कळली ती कार्बोरेटरची. जुन्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण कार्बोरेटर करायचा. तिथे हवेच्या ओढीनेच पेट्रोल वर खेचलं जाई आणि आयडलिंग कमी-जास्त करायला स्क्रू असत. म्हणून जुन्या मिस्तरींच्या तोंडी आजही ‘ट्यूनिंग’ हा शब्द आहे. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999च्या आदेशामुळे दिल्ली परिसरात 2000पासून नव्या खासगी गाड्यांना युरो-2 ही पातळी सक्तीची झाली. त्याच सुमारास मारुती 800सारख्या सर्वसामान्यांच्या गाडीतही कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर असलेली यंत्रणा आली. 2005मध्ये भारत स्टेज-2 देशभर लागू झाल्यावर तर हीच पद्धत सगळीकडे पसरली. आमची गाडी त्याच काळातली.

या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. त्याला स्वतःला काही दिसत नाही. इंजिन किती गरम आहे, किती फेरे घेतंय, आत किती हवा येतेय, हे त्याला सेन्सर सांगतात. आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर किती आहे, हे सांगणारा सेन्सर म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. गॅरेजमध्ये नुसतं ‘टीपीएस’ म्हणतात.

आबांनी एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा जाड पाइप काढला आणि आतलं दाखवलं. ॲल्युमिनियमचा गोल घसा, त्यात नाण्यासारखी गोल पितळी झडप. ती मधोमध एका दांड्यावर बसवलेली. हीच थ्रॉटल बॉडी आणि हीच बटरफ्लाय. ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाते, दांडा फिरतो, झडप उघडते आणि हवा आत जाते. पाय काढला की स्प्रिंगमुळे झडप मिटते. दांड्याच्या एका टोकाला केबल, दुसऱ्या टोकाला काळ्या प्लास्टिकची चपटी डबी. डबी दोन स्क्रूंनी बसवलेली आणि तिच्यातून तीन वायरींचा कपलर निघालेला. इतके दिवस ज्याच्या नावाने सगळे बोलत होते ती वस्तू अंगठ्याएवढी होती.

जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचं बटण आठवा. आत एक पट्टी असते आणि तिच्यावरून सरकणारा काटा. टीपीएस आतून तसाच आहे. पट्टीच्या एका टोकाला कॉम्प्युटरकडून 5 व्होल्ट येतात, दुसरं टोक अर्थिंगला जातं, आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा काटा पट्टीवर जिथे असेल तिथलं व्होल्टेज तिसऱ्या वायरने कॉम्प्युटरकडे परत जातं. झडप मिटलेली असेल तर बहुतेक गाड्यांत हे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडली तर चार व्होल्टच्या वर. रोध, विभवांतर, ओहमचा नियम, हे सगळं नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या धाराविद्युतच्या पाठात मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. तोच नियम चौफुलीवरच्या माझ्या गाडीत बसलाय, हे मला त्या स्टुलावर बसून उमगलं. तिथून भीती थोडी कमी झाली.

मग माझ्या मनात प्रश्न आला: आयडलिंगला तर पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच. मग पाय कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा संबंध काय? उत्तर साधं पण महत्त्वाचं आहे. ‘पाय काढलाय’ ही बातमी मिळाली तरच कॉम्प्युटर आयडलिंगचं काम हातात घेतो. मग तो झडपेला वळसा घालून जाणारी थोडी हवा आयडल व्हॉल्व्हमधून सोडतो, ठिणगीची वेळ बदलतो आणि फेरे साधारण 800 ते 1000च्या दरम्यान, ज्या गाडीचे जेवढे ठरलेले तेवढे, स्थिर धरतो. उतारावर पाय काढलेला आणि फेरे जास्त असतील तर तो काही क्षण पेट्रोलच बंद करतो आणि फेरे खाली आले की वेळेवर पुन्हा सुरू करतो. सेन्सर मिटलेल्या झडपेलाही ‘थोडी उघडी आहे’ असं सांगत राहिला, तर कॉम्प्युटरला वाटतं चालकाचा पाय अजून पेडलवर आहे. मग आयडलिंग सांभाळायला कोणीच नसतं.

सेन्सरच दोषी आहे असं वाटून मी लगेच म्हटलं, “मग तोच फिरवू या ना.” आबांनी मान हलवली. “तो शेवटी. आधी बाकीचं साफ पाहिजे, नाहीतर खोट्यावर खोटं बसंल.”

मग ओळीने तपासणी झाली. तीन सिलिंडरचे तीन प्लग काढले, तिन्हींचा रंग सारखा, फिकट तपकिरी. म्हणजे ठिणगी आणि मिश्रण फार बिघडलेलं नव्हतं. एअर फिल्टर धुळीने भरला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात कोरडी धूळ आणि कापसाच्या दिवसांत हवेत उडणारे तंतू, दोन्ही त्यात अडकतात. थ्रॉटलच्या घशात, झडपेच्या कडेला काळा चिकट थर होता. इंजिनातली ऑइलची वाफ पीसीव्ही नळीतून परत आत येते, तिचा तो थर. मिटलेल्या झडपेच्या कडेने जी किंचित हवा जायची ती या थराने अडते. इंजिन गार असताना क्लीनर मारून, मऊ कापडाने तो पुसला. क्लीनर पेट्रोलसारखाच पेटतो, म्हणून गरम सायलेन्सरजवळ किंवा चालू इंजिनावर तो नको, हे आबांनी बजावून सांगितलं. आयडल व्हॉल्व्हही काढून स्वच्छ केला. ॲक्सिलरेटरची केबल किंचित सैल आहे का, झडप पूर्ण मिटते का, तेही पाहिलं. केबल ताणलेली असेल तर झडप मिटतच नाही आणि सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

मग आबांनी रबरी पाइपाचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक चालू इंजिनावर नळीनळीजवळ फिरवत गेले. एका कोपऱ्यात थांबले आणि ते टोक माझ्या हाती दिलं. बारीक सूं असा आवाज येत होता. पीसीव्हीची नळी वाकते तिथे तिला चीर पडली होती. जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. इतक्या वर्षांच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. त्या चिरेतून हिशेबात नसलेली हवा आत जात होती. त्याने फेरे एका जागी ठरत नसत, चढत आणि पडत राहत. थांबलेल्या गाडीचा चढता-उतरता आवाज हाच होता. नळी बदलली आणि तो आवाज गेला.

मला वाटलं, झालं. पण गाडी चालवून पाहिली तर अर्धा त्रास शिल्लक होता. पाय काढला की फेरे थोडा वेळ वरच लटकत आणि मग एकदम खाली कोसळत. एसी लावलेला असेल तर इंजिन बंदच. एकाच गाडीत दोन बिघाड असू शकतात आणि एकाची लक्षणं दुसऱ्याला झाकू शकतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. निदान करताना एका उत्तरावर थांबायचं नाही, हे तिथे कळलं.

आता मोजायची वेळ आली. चावी ऑन, इंजिन बंद. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, 20च्या पट्ट्यात. कपलर काढायचा नाही. तो लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक टाचणी वायरीच्या कडेने आत सरकवायची, म्हणजे वायर कापावी लागत नाही. दोन टाचण्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. काळी तार अर्थिंगवर, लाल तार आधी येणाऱ्या वायरीवर: जवळपास 5 व्होल्ट. म्हणजे कॉम्प्युटरकडून येणारा पुरवठा ठीक. मग सेन्सरच्या अर्थिंगची वायर बॅटरीच्या निगेटिव्हशी ताडून पाहिली: जवळपास शून्य. म्हणजे अर्थिंगही ठीक. इथे चूक असती तर सेन्सर फिरवून काहीच उपयोग झाला नसता. आता तिसरी वायर. झडप पूर्ण मिटलेली आणि मीटरवर 0.78. या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातला आकडा अर्ध्या व्होल्टच्या जवळचा. पाव व्होल्टचा फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला जाणवत नाही. पण कॉम्प्युटर ज्या हद्दीच्या आत झडप मिटलेली मानतो, ती हद्द त्या फरकाने ओलांडली होती.

सेन्सर बदलायचा की फिरवायचा, हे पुढच्या मोजणीवर ठरतं. आबांनी मला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगितलं आणि स्वतः जुना, काट्याचा मीटर लावला. आकड्यांचा मीटर झटकन झालेला बदल कधीकधी गाळतो, काटा मात्र लगेच दचकतो. काटा एकसारखा वर गेला, कुठे अडखळला नाही, पूर्ण पेडलला चारच्या वर पोचला आणि परत तितक्याच सावकाश उतरला. म्हणजे आतली पट्टी झिजलेली नाही. मध्येच काटा पडला असता तर सेन्सर नवाच घ्यावा लागला असता. फिरवून झीज भरून येत नाही. आमचा सेन्सर चांगला होता, बसला मात्र चुकीच्या जागी होता. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते आणि त्यांच्याखालचा रंगाचा जुना ठिपका दुभंगलेला होता. पूर्वी कधीतरी कोणीतरी तो काढून पुन्हा लावला होता.

सेन्सरची भोकं गोल नव्हती, लांबट होती. त्यामुळेच तो थोडा इकडे-तिकडे फिरू शकतो. आबांनी दोन्ही स्क्रू सैल केले, तेही इतकेच की डबी बोटाने दाबल्यावर हलावी, आपणहून नाही. मग पेचकस माझ्या हातात दिला. कुठल्या दिशेने फिरवायचं, मला ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, “दिशा मीटर सांगंल. केसाएवढं सरकव आन् आकडा पाह्य.” एका बाजूला ढकललं तर आकडा वाढला. उलट बाजूला ढकलल्यावर 0.7, 0.6, मग एकदम 0.4. इतक्या बारीक हालचालीला एवढा बदल! श्वास रोखूनच मी परत थोडं सरकवलं. 0.5च्या जवळ आल्यावर स्क्रू आवळायला घेतले तर आकडा पुन्हा चढला. आवळताना स्क्रूबरोबर डबीही ओढली जाते. मग युक्ती कळली: एक स्क्रू हलका धरून ठेवायचा, दुसरा थोडा आवळायचा, मग पहिला, आणि प्रत्येक वेळी मीटर बघायचा. शेवटी दोन्ही घट्ट झाल्यावर आकडा 0.51वर थांबला. झडप हाताने उघडून सोडली की दर वेळी तिथेच परत येत होता. ॲल्युमिनियमच्या भोकात स्क्रू फार पिळला तर आटे जातात, म्हणून घट्ट म्हणजे पुरेसा घट्ट, ताकद लावून नाही.

झडपेच्या खाली आणखी एक छोटा स्क्रू होता, झडप कुठे अडावी हे ठरवणारा. बरेच जण आयडलिंग वाढवायला तोच पिळतात. आबांनी त्याला हात लावू दिला नाही. त्यावरचं कारखान्यातलं सील शाबूत होतं. तो पिळला की झडप उघडी राहते, सेन्सरचा आकडाही सरकतो, आणि खरा बिघाड आणखी खोल दडतो.

शेवटचं काम कॉम्प्युटरचं. जुन्या आकड्यांवर तो जे शिकला होता ते पुसायला बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही वेळ ठेवलं. परत लावल्यावर पेडलला पाय न लावता इंजिन चालू केलं, एसी-दिवे-पंखा सगळं बंद. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी तशीच चालू दिली. मग दिवे लावले, मग एसी. एसी लागताच आवाज क्षणभर खाली गेला आणि स्वतःहून सावरला. स्कॅनरवर फेरे एका जागी होते आणि थ्रॉटल ‘मिटलेली’ दिसत होती. पुढच्या रविवारी अजिंठ्याचा घाट चढून-उतरून आले. पाय काढला, क्लच दाबला, इंजिन आपल्या लयीत चालू राहिलं. नंतर पीयूसीलाही नेली. आमच्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीची ही चाचणी इंजिन आयडलिंगला असतानाच होते. आमच्या भारत स्टेज-2 गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे आणि ती सहज पाळली गेली. आयडलिंग बिघडलेलं असेल तर धूरही बिघडतो, हे त्या केंद्रावर नेहमी दिसतं.

हे वाचून कोणी लगेच पेचकस घेऊ नये, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली, सगळ्या गाड्यांचा टीपीएस फिरत नाही. ज्याची भोकं गोल आहेत तो एकाच जागी बसतो. नव्या गाड्यांत केबलच नसते. पेडल वायरीतून आज्ञा देतं, झडप मोटर उघडते आणि तिच्यात एकमेकांना पडताळणारे दोन सेन्सर असतात. तिथे स्क्रू शोधू नका. थ्रॉटल बॉडी स्वच्छ करून स्कॅनरने तिला नव्याने शिकवावं लागतं. बीएस-6च्या दुचाकींचंही तेच: तिथला सेन्सर खोलून फिरवायचा नसतो. दुसरी गोष्ट, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. माझ्या गाडीचा 0.5 तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

माझं खरं म्हणणं मात्र या सेन्सरपुरतं नाही. आमच्या भागात गाडी बिघडली की पहिला प्रश्न असतो, काय बदलायचं? त्यात गरिबाचे पैसे जातात, चांगला सुटा भाग भंगारात जातो आणि बिघाड तिथेच राहतो. शेतमाल नेणारी छोटी गाडी, मुलं नेणारी व्हॅन, वडाप चालवणाऱ्याची गाडी, या सगळ्यांवर घरं चालतात. आबांसारखे हातात मीटर घेणारे मिस्तरी गावोगाव आहेत, त्यांना शोधा आणि त्यांच्या तपासणीच्या वेळेचे पैसे मनापासून द्या. तो वेळ म्हणजेच त्यांची विद्या आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांनी पाना जितका सहज धरला तितकाच मल्टिमीटरही धरावा. आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी ओहमचा नियम फळ्यावर ठेवून थांबू नये. मी नववीच्या मुलांना आता जुना, काढून ठेवलेला टीपीएस, तीन सेल आणि एक मीटर देते. दांडा फिरवा, आकडा लिहा, आलेख काढा. गाडीत बसलेलं विज्ञान त्यांच्या बोटांना कळतं.

तुमचीही गाडी थांबल्यावर थरथरत असेल, तर घाट उतरण्याआधी ती दाखवा. आणि कोणी काही बदलायला सांगितलं, तर एवढंच विचारा: मोजलं का?